देवाजीकाकाच्या झाडाखालचा मोह

होळी झाली की आमच्या गल्लीच्या तोंडावरचा व्यापारी गोदामातली मागच्या सालची मोहफुलांची पोती बाहेर काढतो. नव्या मालासाठी जागा करायची असते. गोंदियाच्या त्या गल्लीत मग आठवडाभर आंबूस-गोड वास राहतो. शेजारीण नाकाला पदर लावते, 'कैसी बास है दीदी' म्हणते आणि खिडकी लावून घेते. मी माझी उघडते. लोकांना ऋतू आठवला की फुलं आठवतात, पाखरं आठवतात, आईच्या हातचं काहीबाही आठवतं. मला देवाजीकाका आठवतो. आणि तो आठवला की माझे दात आपोआप आवळले जातात.

मी शाळेत मराठी शिकवते. वर्गातली निम्मी पोरं उत्तर हिंदीत देतात, ते असो. 'माझा आवडता ऋतू' म्हटलं की वही उघडायच्या आधीच कोकिळा ओरडायला लागते आणि आंब्याला मोहर येतो. मी मुकाट्यानं गुण देते. त्या लेकरांना काय सांगू, की बाईंच्या वसंतात एक कोर्ट आहे, एक जिलेबीचा पुडा आहे आणि एक म्हातारा आहे, ज्याचं वाईट व्हावं म्हणून बाई दर चैत्रात मनातल्या मनात देवाला साकडं घालतात.

आमचा टोला, म्हणजे लहानशी वस्ती, केशोरीच्या पलीकडे, रस्ता संपतो तिथून आत. धानाच्या बांध्या संपल्या की मोहाची झाडं लागतात आणि त्यांच्या मागे पहाडी. झाडं उभी आहेत सरकारी जंगलात, पण कोणतं झाड कोणाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. आज्यानं ज्याच्याखाली वेचलं त्याच्याखाली नातू वेचतो. कागद नाही, खूण नाही, कुंपण नाही. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूलसुद्धा कोणी उचलत नाही. गावात कोंबडी चोरीला जाईल, सायकल जाईल, पण मोह जात नाही. पूजा झाल्याशिवाय पहिलं फूल तोंडात घालायचं नाही, आणि परक्याच्या झाडाखाली वाकायचं नाही, हे लहानपणी मार न खाता शिकलेले दोनच धडे.

मोह पहाटे गळतो. अंधार पातळ व्हायला लागला की झाडाखाली टप टप सुरू होतं. पानं सगळी झडलेली, वर नुसत्या फांद्या आणि त्यांच्यातून खाली येणारी ती पिवळट, गुबगुबीत, रसानं भरलेली फुलं. पाठीवर पडतात, मानेवर पडतात, गार लागतात. आई म्हणायची, "हात चालवा, तोंड नाही." ऊन झाडाखाली आलं की संपलं. मग माशा येतात, फूल मऊ पडतं, त्याला आंबट वास सुटतो. आज वेचलं नाही तर ते उद्या तुमचं राहत नाही, गाईचं होतं, चितळाचं होतं, अस्वलाचं होतं. धान बांधीत दोन दिवस थांबतं. मोह थांबत नाही. या लेखात मी ज्या माणसांबद्दल चिडून बोलणार आहे त्यांचं सगळं शहाणपण आणि सगळा मूर्खपणा या एका गोष्टीत आहे.

आणखी एक. ओल्या फुलांचं भरलेलं टोपलं फार जड असतं. एकट्याला ते जमिनीवरून डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या कोणीतरी समोरून हात लावावाच लागतो. जो जवळ असेल तो आपलं वेचणं सोडून येतो, कड धरतो, 'उठव' म्हणतो, आणि परत जातो. भांडण असलं, अबोला असला, बांधावरून डोकी फुटलेली असली, तरी टोपल्याला हात लावायचा. माझी आई एका जावेशी वर्षानुवर्षं बोलत नव्हती. पण चैत्रात रोज सकाळी दोघी एकमेकींच्या टोपल्याला हात लावायच्या आणि न बोलता आपापल्या वाटेनं जायच्या.

फुलं वेचायची तर झाडाखालची जमीन साफ पाहिजे. म्हणून हंगामाच्या तोंडावर खालचा पाला जाळतात. त्याची एक रीत आहे. आधी झाडाभोवती रुंद पट्टा झाडून काढायचा, म्हणजे आग बाहेर जात नाही. सकाळी, वारा पडलेला असताना, दोघांनी मिळून जाळायचं. हातात ओली डहाळी ठेवायची. शेवटची ठिणगी विझेपर्यंत हलायचं नाही, आणि हलताना राखेवर पाणी टाकून हलायचं. देवाजीकाकाला ही रीत माझ्या बापानं शिकवली होती, कारण काका बापाचा चुलतभाऊ आणि वयानं लहान. पण त्या साली काकाला कामठ्याला लग्नाला जायचं होतं. बस दुपारची. वारा सुटलेला. त्यानं पट्टा झाडला नाही, दुसरा माणूस घेतला नाही. पाल्याला काडी लावली आणि पिशवी उचलून बस धरायला गेला. आईनं पाहिलं. पलीकडच्या झाडाखालून भागरतानं पाहिलं. आमच्या शेजारची ही भागरता, नवी नवरी होती तेव्हा. दोघींना वाटलं, येईल मागे वळून.

संध्याकाळपर्यंत आग पहाडीच्या पायाशी गेली होती. माझा भाऊ सुखराम, टोल्यातले आणखी काही तरणे, भागरताचा नवरा, सगळे डहाळ्या घेऊन धावले. मी तेव्हा गोंदियात शिकायला होते आणि सुटीत घरी आले होते. दादाचा चेहरा काळा, भुवया जळालेल्या, अंगातला सदरा ओला करून नाकाला बांधलेला, असा तो मला अजून दिसतो. त्यांनी आग वरच्या नाल्याशी अडवली. पहाडी वाचली. तेवढ्यात खात्याची जीप आली. जंगलात आग आणि आगीजवळ हातात डहाळ्या घेतलेली माणसं, असं जीपमधल्या साहेबाला दिसलं. त्यानं नावं लिहून घेतली. विझवणाऱ्याचा आणि लावणाऱ्याचा चेहरा सारखाच काळा होतो, हे त्याला कोणी सांगितलं नाही. ज्या झाडाखालून आग निघाली ते देवाजीचं, म्हणून त्याचंही नाव लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी असं नाही म्हणता येणार. इथं चोराला आणि संन्याशांना एकाच दोरीत बांधलं होतं, आणि गाठ सोडवायला फक्त चोराकडे वेळ होता.

काका कामठ्याहून परत आला तो लग्नातल्या नव्या टोपीत. आमच्या अंगणात बसला. तो टोल्यातला कर्ता माणूस, तालुक्याला जाणं-येणं असलेला. कोर्टाची पहिली तारीख नेमकी मोह ऐन गळत असताना लागली होती. काका म्हणाला, "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हनतात, पन चढलेच तर लवकर उतरा. कबूल होऊन टाका. साहेब इचारन, हाव म्हना, दंड भरा, दुपारच्या बसनं घरी. नाही तर तारखावर तारखा. इकडं मोह सडून राहीन."

दादानं विचारलं, "आमी तर इझवली ना काका. लावली कोनं?"

"थे कोर्टाले काय समजते बा," काका म्हणाला. "तुमाले मोह पायजे का न्याय?"

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. मेल्यावरही विसरणार नाही. कारण त्या पोरांनी खरंच विचार केला आणि मोह निवडला. बाप तोवर गेलेला. घरी कोणी वेचायचं? आई आणि मी? त्यांच्या हिशेबात गुन्हा म्हणजे एक सकाळ. पावसाळ्यात बैल दुसऱ्याच्या बांधीत शिरला तर 'चुकलं' म्हणायचं आणि विषय मिटवायचा, तसंच. कबूल म्हटलं की मिटतं, असं त्यांना वाटलं. अख्ख्या जगात अशी चूक करणारी माणसं आमच्याच टोल्यात सापडतील.

त्या दुपारी ते बसमधून उतरले ते हसत. भागरताचा नवरा सांगत होता, की साहेब गुन्हा वाचून दाखवत होते आणि सुखराम खिडकीतून आभाळ पाहत होता, कारण ढग आले होते आणि अंगणात मोह वाळत घातला होता. 'कबूल आहे का?' असं विचारल्यावर त्यानं एवढ्या मोठ्यानं 'हाव' म्हटलं की पट्टेवाला दचकला. दादानं तालुक्याच्या बसस्टँडवरून जिलेबी आणली होती. सुटल्याची जिलेबी. आई, मी, भागरता, सगळ्यांनी खाल्ली. देवाजीकाकाला पानात घालून नेऊन दिली. त्यानंही खाल्ली. तो मात्र त्या दिवशी कबूल झाला नव्हता. त्यानं वकील लावला होता. 'मी तर कामठ्याला होतो' एवढं सांगून त्यानं पुढची तारीख घेतली होती. त्याच्या झाडाखालचा मोह अर्ध्या वाट्यानं वेचायला लोक होते. त्याला कसली घाई.

पुढं दादा गोंदियाला वनरक्षकाच्या भरतीत धावला. पहाडी चढणारा माणूस, मैदानावर कोणाला ऐकतो? छाती, उंची, लेखी, सगळं झालं. आईनं खाकी कपड्यासाठी खुंटी मोकळी करून ठेवली होती. मग चारित्र्य पडताळणी आली आणि त्यात निघालं, की हा माणूस जंगल जाळल्याच्या गुन्ह्यात दोषी आहे. कोर्टात, स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं. खुंटीवर नंतर आईनं कंदील टांगला.

मला राग येतो तो इथं संपत नाही, इथून सुरू होतो. काही वर्षं गेली आणि सरकारनं ठरवलं, की जंगलवाल्यांवरचे किरकोळ खटले मागे घ्यायचे. टोल्यात आनंद झाला. पण नियम होता चालू खटल्यांचा. ज्यांचा निकाल लागला त्यांचं काय, असं मी विचारायला गेले, तर टेबलामागचा माणूस म्हणाला, "त्यांचं काय राहिलं मॅडम? त्यांचा तर निकाल लागला." देवाजीचा खटला चालूच होता. पान खात, तारखा घेत त्यानं तो जिवंत ठेवला होता. तो मागे घेतला गेला. काका स्वच्छ झाला. त्या साली त्यानं अंगणात मांडव घातला आणि कोंबडं कापलं. पुढं तो जंगल समितीचा अध्यक्षही झाला, कारण अध्यक्षाच्या नावावर गुन्हा चालत नाही आणि टोल्यातल्या कर्त्या माणसांत गुन्हा नसलेला तोच उरला होता.

मग आणखी एक नियम आला. उन्हाळ्यात आग राखायला खातं हंगामी माणसं ठेवतं, फायर वॉचर म्हणतात. पूर्वी आमचेच लोक असायचे. आता म्हणे स्वच्छ नोंदीचाच माणूस घ्यायचा. झालं. ज्यांनी आग अडवली होती ते सगळे घरी बसले आणि सडकेकडच्या गावांतून पोरं आली. चांगली होती, मेहनती होती, पण पहाडी त्यांची नव्हती. त्या उन्हाळ्यात पहाडीची एक बाजू जळाली. पुढल्या उन्हाळ्यात दुसरी. चारोळीची झाडं गेली, तेंदूची रोपटी गेली, अस्वलं खाली बांध्यांत यायला लागली, नाल्याचं पाणी होळीलाच आटायला लागलं. सरकारनं रोपं लावली. ती जळाली. पुन्हा लावली. आग विझवायला पाठीवर घ्यायची यंत्रं आली, ती तालुक्याला कुलपात राहिली, कारण किल्ली ज्याच्याकडे होती तो लग्नाला गेला होता. लग्नाला जाणारी माणसं आमच्या पहाडीला फार महाग पडतात.

आणि दादा? तो अंगणातून पाहत राहायचा. धूर कुठून कुठं जातो हे त्याला तिथून दिसायचं, पायाची बोटं जमिनीत रुतवून तो उभा राहायचा. मी एकदा म्हटलं, "जा ना मग." तो म्हणाला, "मी आगीजवळ गेलो आन कोनं पायलं तं? एक डाव दोषी झालो, दुसऱ्या डावाले साक्षी बी लागनार नाही." त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या पहाडीवर आगीच्या दिवसांत हक्कानं उभं राहायचं. नोकरी गेली, ठीक. वय गेलं, ठीक. पण आपल्याच पहाडीकडे चोरासारखं पाहायचं, हे त्याला सहन होत नव्हतं. भागरताचा नवरा ते सहन करता करता मेला. मरतानाही सरकारच्या लेखी तो जंगल जाळणाराच होता.

जुने किरकोळ गुन्हे नोंदीत झाकून टाकायचे, म्हणजे नोकरीच्या वेळी ते दिसणार नाहीत, असा नियम अलीकडे आला. वरातीमागून घोडं, पण घोडं तरी आलं, असं मी म्हटलं. मग घोड्याची शेपटी दिसायला लागली. आधी म्हणाले, इतकी वर्षं झाली पाहिजेत. ती झाली होती. मग म्हणाले, जंगलाचा गुन्हा यात बसत नाही. मग बसवला. मग ठाण्याचा दाखला. मग ठाण्याचा नको, ग्रामसभेची शिफारस. प्रत्येक वेळी पात्रता बदलायची आणि प्रत्येक वेळी दादा केशोरीहून तालुक्याला, तालुक्याहून गोंदियाला. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं. माझ्या घरी मुक्कामाला यायचा, माझ्या पोरांसाठी पिशवीत वाळलेला मोह आणि भाजलेली जवस आणायचा, आणि सकाळी कचेरी उघडायच्या आधी दारात जाऊन उभा राहायचा.

एका साहेबानं मला समजावलं. गोड बोलत होता. "मॅडम, एकेक जुनी फाइल काढायची, तपासायची, झाकायची. पात्रता सैल केली की किती अर्ज येतील? माणसं लागतात, वेळ लागतो. शेवटी जनतेचाच पैसा आहे."

मी म्हटलं, "साहेब, मी जनताच आहे. जळालेल्या पहाडीचा खर्च कोणत्या खात्यात टाकला ते दाखवा. आटलेला नाला कोणत्या रकान्यात आहे? रोपं दोनदा लावली, तो पैसा जनतेचा नव्हता का?"

तो म्हणाला, "हे आमच्या विभागात येत नाही."

बरोबर आहे. कोणाच्याच विभागात येत नाही. नियम करणाऱ्यांचा खर्च मोजला जातो आणि नियम भोगणाऱ्यांचा गावावर टाकला जातो. मी जिना उतरताना त्या साहेबालाही शाप दिला. लहानसाच दिला, त्याच्या बुटाची तळी सुटो असा. मोठा शाप मी देवाजीकाकासाठी राखून ठेवला होता.

या साली ग्रामसभा लागली ती मोह गळायला लागल्यावर. मी रजा टाकून गेले. केशोरीला बसमधून उतरले तर वारा तोच, वास तोच. शाळेच्या ओसरीवर सतरंजी, त्यावर माणसं, आणि खुर्चीवर देवाजीकाका. थकलाय आता. कान जड झालेत, धोतर मात्र पांढरंशुभ्र. ग्रामसेवकानं दादाचा अर्ज वाचला. गावाची शिफारस आणि खाली अर्जदाराचं निवेदन : 'माझ्या हातून घडलेल्या गुन्ह्याचा मला पश्चात्ताप होत आहे.' त्याखाली सही. एवढं झालं की नाव झाकलं जाणार. खात्याचा नाकेदार तर दादाला म्हणूनच गेला होता, की भाऊ, नाव निघालं की या उन्हाळ्यात पहाडीवरची आग राखणारी टोळी तुमच्या हाताखाली.

मग काका उठला. काठी टेकली, घसा साफ केला. "सुखराम आपलाच पोरगा हाये," तो म्हणाला. "तरनंपन होतं. चूक झाली. झालं गेलं. गावानं मोठ्या मनानं माफ करावं, असं मले वाटते. मी अध्यक्ष म्हनून पहिले माफ करतो."

तो माफ करतो. ऐकलंत ना? माझ्या कानांतून वाफ निघाली असेल. मला वाटलं आता सभा हसेल. कोणी हसलं नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर खरंच माया होती. त्यानं स्वतःलाच इतकी वर्षं कामठ्याला बसवून ठेवलं होतं, की त्याला ते खरं वाटायला लागलं असावं. तशा मायेनं मला जास्त राग येतो. लबाडीला निदान लाज असते.

ग्रामसेवकानं पेन पुढं केला. दादानं तो घेतला नाही. उभा राहिला आणि नेहमीच्या आवाजात बोलला, "तवा मोह गळून राहिला होता म्हनून कबूल झालो. आता कायसाठी होऊ?"

"भाऊ, एक ओळ हाये फक्त," ग्रामसेवक म्हणाला. "करून टाका सही. आमाले बी पुढचा इषय घेऊ द्या."

"एका ओळीनंच तं गेलो ना मी," दादा म्हणाला आणि खाली बसला.

मी उठले. आमच्याकडं बाया सभेत उठतात तेव्हा पुरुष आधी छताकडं पाहतात. मी विचारलं, "काका, थ्या साली आग कोनं लावली होती?"

"मी तर कामठ्याले होतो पोरी," काका म्हणाला. आईला जाऊन काही वर्षं झाली होती. भागरता खाली मान घालून बसली होती. ती काकाच्या झाडाखाली अर्ध्या वाट्यानं वेचते, सगळ्यांना ठाऊक. सभेनं पुढचा विषय घेतला. हातपंपाचा होता.

घरी आल्यावर दादा भाकर खात होता. मी चुलीपाशी बसून ठरवलं. शाप पुरे झाले. रजा वाढवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी मी घरोघर गेले. कोणाच्या दारात बसून, कोणाच्या झाडाखाली वाकून, एकच बोलले : देवाजीच्या झाडाखाली वाकायचं नाही. वाट्यानं नाही, मजुरीनं नाही, मायेनं नाही. ज्या घरांतला कोणी त्या दिवशी 'हाव' म्हणाला होता, त्या घरांना जास्त सांगावं लागलं नाही. भागरता मात्र दारातच उभी राहिली. "तुह्यं ठीक हाये व बाई, तू पगारवाली. माह्या पोटाचं काय?"

"आमच्या झाडाखालचा वेच," मी म्हटलं. "वाटा नाही. सगळा तुहा."

"नवऱ्यासाठी वेचतो मी," ती म्हणाली आणि आत जाऊन टोपलं घेऊन आली.

दादाला कळलं तेव्हा तो अंगणात दोरी वळत होता. "बाई, सूड घेऊन राहिली का?"

"हाव."

"घे मंग," तो म्हणाला आणि दोरी वळत राहिला.

मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर वसंत पाहिला. देवाजीचं झाड टोल्यातलं सगळ्यात जुनं, त्याची फुलं सगळ्यात भरदार. पहाटे ती पडायची आणि तिथंच राहायची. कोणी चोरली नाहीत. रीत ती रीत, दुसऱ्याच्या झाडाखाली वाकायचं नाही. आम्ही रीत मोडली असती तर त्याच्यावर उपकार झाले असते. ऊन यायचं, फुलं तपकिरी व्हायची, त्यांचा लगदा व्हायचा, त्यावर नवी पडायची. वास असा सुटला की त्याच्या घराच्या कुडातून आत जायचा. दिवसाउजेडी अस्वल येऊन खाऊन गेलं. म्हातारा ओसरीवर बसून पाहायचा. मुलं त्याची नागपूरकडे, येतो म्हणतात, येत नाहीत. मी आमच्या झाडाखाली भागरताला वेचू लागायचे, तोंडात एखादं फूल टाकायचे आणि त्याच्याकडं पाहायचे. माणसानं एवढं खूश होऊ नये, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी ती जिलेबी खाल्लेली नसते.

एका पहाटे तो स्वतः आला. काठी बाजूला ठेवून बसला, घसटत घसटत वेचायला लागला. जुन्या लगद्यातून ताजी फुलं निवडत होता. वय झालं तरी सवय जात नाही, हात बरोबर चालत होते. आजूबाजूला सगळ्या बाया होत्या. कोणी मान वर केली नाही. टपटप तेवढी ऐकू येत होती. उजाडलं तोवर त्याचं टोपलं भरलं. त्यानं कडा धरल्या, गुडघ्यापर्यंत उचललं आणि खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. मग इकडे तिकडे पाहिलं. सगळ्यात जवळ मी होते.

"कौतिका, जरा हात लाव व बाई."

मी गेले. रीत आहे ती, पाय आपोआप निघाले. त्यानं फडक्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली, वाकला, एक कड धरली आणि थांबला. मी वाकले नाही. हात पदरात गुंडाळून उभी राहिले. त्यानं वर पाहिलं. त्याला समजायला वेळ लागला, मग समजलं. त्यानं भागरताकडं पाहिलं, दुसऱ्या झाडांकडं पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "म्याच लावली होती. लगनाची घाई होती. वाटलं, इझन आपोआप." त्यानं कड पुन्हा धरली. "झालं आता? लाव हात."

हे शब्द ऐकायला मी माझं तरुणपण घालवलं होतं. ऐकले तर ते एवढेसेच होते, शेजारच्या झाडापर्यंतसुद्धा पोचले नाहीत.

"काका," मी म्हटलं, "दादा कबूल झाला थे साऱ्या कोर्टानं आयकलं. तुमी माह्या कानात सांगून राहिले."

"मी म्हातारा मानूस, पोरी."

"सभेत बोला. खुर्चीवरून बोला. मंग साऱ्या गावाचा हात लागन."

मी परत आमच्या झाडाखाली आले आणि वेचायला बसले. थोड्या वेळानं भागरताचं टोपलं भरलं, मी हात लावला, ती गेली. ऊन झाडांखाली आलं. मी मागं वळून पाहिलं नाही, असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण मी पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. डोक्यावर रिकामी चुंबळ, पायाशी भरलेलं टोपलं आणि त्यावर बसायला लागलेल्या माशा. तो उभाच होता, आणि मला बरं वाटत होतं.